सात वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आता थांबावं का?

रविवारचा_लेखनिक

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे हे आधीच सांगतो, ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचा पॅरा वाचला तरी चालेल.

मी गेली सात वर्षं दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी लेखनिक म्हणून जातो, म्हणजे परीक्षेत ते सांगतात आणि आपण लिहायचं. शिवाय रविवारी सकाळी दोन तास पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. सुरुवातीला नुसता जायचो, मग हळूहळू आमच्या ग्रुपची सगळी जुळवाजुळव माझ्याच गळ्यात पडली, कुणाचा पेपर कधी, कुठल्या विषयाला कोण जाणार, ऐनवेळी कोण टांग देणार, सगळं. ग्रुपवर १४० जण आहेत. प्रत्यक्ष हलणारे सात. तेही मी दोघांना लाजेखातर मोजतोय म्हणून, नाहीतर पाचच.

तर झालं असं की मागच्या महिन्यात एका मुलाचा सकाळी नऊचा पेपर होता आणि जो लेखनिक जाणार होता त्याचा आदल्या रात्री साडेदहाला मेसेज, 'सॉरी दादा, उद्या जमत नाहीये'. कारण वगैरे काही नाही. मी ग्रुपवर टाकलं, 'उद्या सकाळी कोण जाऊ शकेल? अर्जंट आहे'. अकरापर्यंत ६३ जणांनी वाचलं होतं. दोघांनी हात जोडलेले इमोजी टाकले, एकाने लिहिलं 'खूप छान काम करताय सर'. बास. आणि नेमकी त्याच सकाळी माझ्या मुलीची पोहण्याची स्पर्धा होती, पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. मी पेपरला गेलो.

पेपरात एक गणित होतं. पोरगा तोंडी आकडेमोड करत करत सांगत होता, ४३ वजा २६, आणि हातचा विसरला. मला समोर दिसतंय की १७ यायला पाहिजे, तो सांगतोय २७. लेखनिकाने काही बोलायचं नसतं. घसा खाकरायचा नाही, पेन थांबवायचं नाही, पेन थांबलं तरी त्या मुलांना बरोबर कळतं. मी २७ लिहिलं. पुढच्या पाच पायऱ्या त्या २७ वर रचल्या, सगळ्या चोख, सगळ्या वाया. तीन तासांनी बाहेर येऊन मोबाइल चालू केला तर बायकोने व्हिडिओ पाठवला होता, मुलगी तिसरी आली. व्हिडिओत ती भिंतीला हात लावते, चष्मा वर करते आणि बघणाऱ्यांत कुणालातरी शोधते. तेवढाच तुकडा मी वीस वेळा तरी मागे घेऊन बघितला असेल. मी तिथे तसा उभा असताना हा मुलगा म्हणतो, 'काका, तुम्ही जरा फास्ट लिहायला पाहिजे होतं, माझा शेवटचा प्रश्न राहिला.'

खोटं कशाला बोलू, डोक्यात तिडीक गेली. काही बोललो नाही, त्याला घरच्यांपर्यंत सोडून आलो. पण त्यानंतर दोन रविवार रेकॉर्डिंगला गेलेलो नाही, आणि कुणी विचारलंही नाही का आला नाहीस म्हणून.

तर प्रश्न असा की समाजासाठी काही करायचं म्हणजे त्याग आलाच हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण किती? आणि ज्यांच्यासाठी करतो त्यांनाच जाणीव नसेल तर त्याला अर्थ काय? थांबावंसं वाटतं, आणि थांबलो तर त्या मुलांचं काय असंही वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल तर तुम्ही हे कसं ठरवता?

कोरडा_शेरा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला कुणी आमंत्रण दिलं होतं का? स्वतःच्या हौसेने गेलात, मग हौसेची पावती दुसऱ्याकडे कशाला मागायची. आणि मला तर वाटतं की फुकट करणारे आहेत म्हणूनच ज्यांची ही जबाबदारी आहे, म्हणजे परीक्षा घेणारे, ते पैसे देऊन माणसं नेमत नाहीत. सगळे स्वयंसेवक उद्या घरी बसा, आठ दिवसांत सोय होते की नाही बघा.

रात्रपाळी

@कोरडा_शेरा आठ दिवसांत सोय होईल हे बोलायला ठीक आहे, पण त्या आठ दिवसांत ज्याचा पेपर आहे त्याने काय करायचं? वर्ष जातं हो मुलांचं.

लेखनिक दादा, मी रक्तपेढीत काम करते, त्यामुळे स्वयंसेवक या प्राण्याला रोज जवळून बघते. आमच्याकडचा अनुभव सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल न पडेल. मोठा अपघात झाला, बातमी आली की लोक धावत येतात, रांगा लागतात, भारावलेले असतात अगदी. पण लाल पेशी फ्रीजमध्ये ठेवूनही फार तर ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स तर साधारण पाचच दिवस. म्हणजे आज पाचशे जण एकदम आले तर त्यातलं सगळं वापरलं जाईलच असं नाही, आणि दोन महिन्यांनी एका बाळंतिणीला गरज पडेल तेव्हा त्या पाचशेतलं कुणीही दारात नसतं. २००१ च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत हेच झालं होतं, लोकांनी तासन्‌तास रांगेत उभं राहून रक्त दिलं आणि त्यातलं बरंचसं मुदत संपून फेकून द्यावं लागलं. त्या लोकांच्या मनात खोट नव्हती. पण रक्ताला ते कळत नाही ना, त्याची तारीख संपते.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन. चौदा वर्षांचे असताना मोठं ऑपरेशन झालं, दुसऱ्यांच्या रक्तावर वाचले, तेव्हा ठरवलं की १८ चा झालो की मीही देणार. त्यांच्या प्लाझ्मात एक दुर्मिळ अँटिबॉडी निघाली, जिच्यापासून अँटी-डी इंजेक्शन बनतं, आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर लागतं ते. माणसाने ६० हून जास्त वर्षांत ११७३ वेळा रक्तदान केलं, २०१८ मध्ये ८१ व्या वर्षी नियमाने थांबावं लागलं म्हणून थांबले. २४ लाख बाळांना उपयोग झाला असा तिथल्या रेडक्रॉसचा अंदाज आहे. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांना सुईची भीती वाटायची, टोचताना ते कायम दुसरीकडे बघायचे. ११७३ वेळा दुसरीकडे बघितलं! हा त्याग आहे की सवय आहे मला खरंच सांगता येणार नाही, पण त्यांनी एका रात्रीत आयुष्य उधळून दिलं नाही, दर थोड्या दिवसांनी त्याच खुर्चीत जाऊन बसले.

तुमचं जे झालंय ना त्याला बर्नआउट म्हणतात. हा शब्द आपल्याला ऑफिसमुळे माहीत आहे, पण तो मुळात फुकट सेवा करणाऱ्यांवरून रूढ झालाय. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून रात्री न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले सगळ्यात तळमळीचे स्वयंसेवकच वर्षभरात कसे विझतात, चिडके होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्यावरच वैतागतात हे बघून १९७४ मध्ये त्यांनी लिहिलं. आणि स्वतः ते पण त्यातून गेले होते. तेव्हा त्या मुलाचा राग आला म्हणून स्वतःला नालायक समजू नका, ते दमण्याचं लक्षण आहे, तापात अंग दुखतं तसं.

उंबरठा

वाचून गप्प बसणार होते पण राहवत नाही. दादा, तुम्ही लिहिलंय की किती त्याग करायचा. मला विचारायचंय, कुणाचा?

तो व्हिडिओ कुणी काढला? तुमच्या मिसेसनी. म्हणजे त्या पहाटे उठल्या, पोरीची बॅग भरली, तिला वेळेवर पोचवलं, 'बाबा का नाही आले' याचं उत्तर दिलं, आणि वर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून व्हिडिओ पाठवला. तुमच्या पोस्टमध्ये त्या एका ओळीत येऊन जातात.

आमच्याकडे हे एकोणीस वर्षं चालू आहे म्हणून बोलतेय. आमचे हे कुणाच्याही हाकेला धावतात, माणूस सोन्यासारखा आहे, त्याबद्दल वादच नाही. एकदा ह्यांचा सत्कार होता, मलाही स्टेजवर बोलावलं आणि निवेदक म्हणाला की 'या त्यांच्या मागे खंबीरपणे उभ्या राहिल्या'. मागे कुठली उभी, मी पुढच्या दारात उभी होते, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन, कारण गाडी हे कुणाच्यातरी पेशंटला सोडायला घेऊन गेले होते आणि मी शेजाऱ्यांच्या गाडीची वाट बघत होते. तो पेशंट बरा झाला, आनंद आहे. पण शाल त्यांना आणि नारळही त्यांनाच.

पदरमोड करायची तर पदर कुणाचा हे बघावं माणसाने. तुम्ही रात्री साडेदहाला १४० जणांना विचारलंत. घरातल्या दोघींना विचारलंत का?

रविवारचा_लेखनिक

@उंबरठा ताई, हे लागलं.

नाही विचारलं. सांगितलं फक्त. मुलगी झोपली होती, बायकोला म्हटलं उद्या मला जावं लागतंय, ती 'बरं' म्हणाली आणि गजर एक तास आधीचा लावला. मला तेव्हा ते 'बरं' म्हणजे परवानगीच वाटली.

@कोरडा_शेरा तुमचा मुद्दा मला आधी पटायचा नाही, आता अर्धा पटतो. पण बंद करून बघा म्हणणं म्हणजे माझ्या भांडणात त्या पोरांचं वर्ष पणाला लावणं, ते नाही जमणार.

अर्धवट_अर्थशास्त्री

दादा, घरचं तुम्ही बघा, मी फक्त त्या १४० जणांबद्दल बोलतो, कारण तिथे चूक लोकांच्या मनात कमी आणि मेसेजमध्ये जास्त आहे.

'कोण जाऊ शकेल?' हा जगातला सगळ्यात वाईट प्रश्न आहे. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता, माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलतायत आणि बोलता बोलता एकाला फिट येते (खरी नाही, रेकॉर्डिंग). ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारा मी एकटाच, त्यांच्यातले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदत बोलवायला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चार जण ऐकतायत, त्यांच्यातले ३१ टक्के. माणसं तशीच होती, दगडाच्या काळजाची नव्हती, बसलेल्यांचे म्हणे हात थरथरत होते. नुसतं 'दुसरे आहेत ना' एवढ्याने पाय जड होतो. आता चारऐवजी १३९ दुसरे धरा. तुमच्या ६३ जणांनी मेसेज वाचून काय विचार केला असेल? 'दादा आहेतच.' आणि खरंच, दादा होतेच! सात वर्षं प्रत्येक वेळी शेवटी दादाच गेले, म्हणजे ग्रुपला तुम्हीच शिकवलंय की गप्प बसलं तरी काम होतं.

त्यामुळे ग्रुपवर नका टाकत जाऊ. एकाला फोन लावा, नाव घेऊन सांगा की 'उद्या नऊला तू जायचंस, जमेल?' नाही म्हणाला तर दुसऱ्याला. आणि प्रत्येक पेपरला एक मुख्य आणि एक राखीव लेखनिक आधीच ठरवून ठेवा, राखीवला त्या तारखेला आपण अडकलोय हे माहीत पाहिजे. यात नवीन काही नाही, क्रिकेटच्या टीममध्ये बारावा गडी असतोच की.

आणि नुसत्या माणसांनी काही होत नाही याचं मोठं उदाहरण म्हणजे जपानमधलं कोबे. १७ जानेवारी १९९५ चा भूकंप, ६४०० च्या वर माणसं गेली, आणि पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक तिथे येऊन गेले, इतके की जपानमध्ये १९९५ ला स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. पण आलेल्या माणसाला कुठे पाठवायचं, काय काम द्यायचं हे सांगणारी घडीच नव्हती, एकीकडे माणसांची दाटी आणि दुसरीकडे कुणीच नाही. त्यातून शिकून पुढे १९९८ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी कायदा आला, आणि आता तिथे आपत्ती आली की स्वयंसेवकांची नोंद करून काम वाटून देणारं केंद्र उघडतात. ते टेबल टाकून बसणारं जे काम आहे ना, वही घेऊन, तू इकडे जा तू तिकडे जा, ते कुणाच्या डोळ्यात भरत नाही. तुम्ही सात वर्षं तेच करताय आणि वर स्वतः फावडं घेऊन पण उतरताय. दोन्ही एकाच माणसाने करू नये असं माझं मत.

जुना_खोडकर

नाना म्हणतात मला, वय ७४, टायपिंग हळू आहे, चुका काढू नका.

वरचं सगळं वाचलं. वेळापत्रक, राखीव गडी, बर्नआउट, सगळं बरोबर असेल. पण एक सांगू का पोरांनो, सगळं इतकं घडी घालून होत नसतं. रात्री साडेदहाला फोन येतो तेव्हा कुणालातरी उठावं लागतं. तेव्हा जो उठतो त्याला नंतर व्यवस्थापन शिकवणारे पुष्कळ भेटतात. उंबरठाताईंचं बोलणं मला मान्य आहे, आमच्या हिनेही मला हेच ऐकवलंय आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी म्हणेन की लेखनिक, तू त्या सकाळी गेलास ते बरोबर केलंस. पोरीची फायनल पुन्हा येईल, आणि नाही आली तरी तिला एक दिवस कळेल की बाप कुठे होता. कदाचित कळणार नाही. तोही धोका आहेच, तो पत्करूनच माणूस जातो.

रेडक्रॉस ज्याच्यामुळे उभी राहिली त्या आंरी द्युनांचं सांगतो. हा जिनिव्हाचा व्यापारी, अल्जीरियात धंदा होता, परवानग्या अडकल्या म्हणून फ्रान्सच्या सम्राटाला गाठायला निघाला होता. १८५९ च्या जूनमध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोला लढाई झाली आणि हा जवळच्या गावात पोचला तर चर्चमध्ये, रस्त्यावर, जिथे बघाल तिथे जखमी. हजारोंनी. धंदा राहिला बाजूला, गावातल्या बायकांबरोबर पाणी दे, पट्ट्या बांध, मरणाऱ्याचा निरोप लिहून घे. तिथून सगळं सुरू झालं, १८६३ ला जिनिव्हात पाच जणांची समिती, १८६४ ला जिनिव्हा करार. आणि ह्याचं काय झालं? धंद्याकडे दुर्लक्ष, १८६७ ला दिवाळं निघालं, ज्यांच्याबरोबर समिती काढली त्यांनीच बाहेर काढलं, पुढे कित्येक वर्षं अन्नाला महाग. १९०१ मध्ये पहिलं शांततेचं नोबेल मिळालं, अर्धं दुसऱ्या एकाबरोबर वाटून, तेव्हा म्हातारा हायडन नावाच्या गावी दवाखान्यातल्या खोलीत राहत होता.

आता हे उदाहरण मी लोकांना त्यागाचं म्हणून सांगायचो. हल्ली सांगताना अडखळतो. कारण त्याचं दिवाळं निघाल्याने एकाही जखमीचा फायदा झाला नाही. उलट धंद्यात बुडाला त्यात दुसऱ्यांचे पैसेही बुडाले. जखमींना फायदा झाला तो त्या रात्रींचा, आणि नंतर त्याने जे लिहून ठेवलं, लोकांच्या मागे लागून करार करून घेतला त्याचा. हा मुद्दा उंबरठाताईंच्या बाजूने जातो हे मला दिसतंय. जाऊ दे. आणि हो, त्या गावातल्या बायकांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.

उंबरठा

नाना, शेवटच्या ओळीसाठी नमस्कार घ्या 🙏

सहा_ठिपके

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, हा सगळा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला, नानांची पोस्ट दोनदा. दहावीपासून एमएपर्यंत माझे पेपर लेखनिकांनी लिहिले, मोजले नाहीत पण तीसएक माणसं तरी असतील. म्हणजे मी त्या बाकड्यावर तुमच्या शेजारी बसणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो मुलगा तुम्हाला म्हणाला ना की फास्ट लिहायला पाहिजे होतं, ते वाचून मला इतकं बरं वाटलं काय सांगू. सर, आम्हाला दिवसाला किती वेळा थँक यू म्हणावं लागतं याचा तुम्हाला अंदाज नसेल. रस्ता ओलांडला थँक यू, फॉर्म भरून दिला थँक यू, नको असताना हात धरून भलत्याच जिन्यावर नेऊन सोडलं तरी थँक यू, कारण नाही म्हटलं तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. लहानपणापासून शिकवलेलं असतं की तक्रार करायची नाही, लोक फुकट करतायत. त्या मुलाने तुम्हाला तक्रार सांगितली म्हणजे त्याला तुमची भीती वाटली नाही. तुम्ही उपकार करायला आलाय असं त्याला वाटलं नाही, काम करायला आलाय असं वाटलं. सात वर्षांत तुम्हाला मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट आहे असं मी म्हणेन, तुम्हाला नाही पटणार कदाचित.

मला सगळ्या प्रकारचे लेखनिक भेटले. एक बाई यायच्या, फार प्रेमळ, पेपर सुरू व्हायच्या आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायच्या, 'तुझ्यामुळे आमच्या हातून पुण्य घडतं गं'. त्यांना 'पर्यावरण' लिहिता यायचं नाही, अक्षर अक्षर सांगावं लागायचं, दहा मार्कांचं तिथेच जायचं. आणि एक सर होते, हुशार, त्यांनी माझी दोन उत्तरं मला न सांगता दुरुस्त केली. पेपर झाल्यावर आनंदाने सांगितलं, 'दोन ठिकाणी चुकली होतीस, मी सांभाळून घेतलं'. मला त्या विषयात चांगले मार्क पडले आणि आजतागायत ते मार्क माझे वाटत नाहीत. चुकीचं उत्तर सुद्धा माझं असतं हो. तुम्ही २७ लिहिलंत आणि पेन थांबवलं नाहीत, त्या मुलासाठी तुम्ही त्या दिवशी काय सोडून आलात त्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. ते सोडून येणं तुमचं तुमच्यापाशी, ते आमच्या खात्यावर नका मांडू, आमच्याच्याने ते फिटणार नाही आणि आम्ही मागितलेलंही नाही. मुलीची स्पर्धा आहे हे त्या मुलाला माहीत असतं तर तो तीन तास अवघडून बसला असता.

@कोरडा_शेरा तुमचं अर्धं बरोबर आहे, लेखनिक मिळणं हा हक्क असायला पाहिजे, कुणाच्या मनावर नको. फक्त हक्क मिळवायची पद्धत तुम्ही सांगता ती नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या माळ्यावर अ‍ॅन मॅकडोनाल्ड आणि तिथल्या काही बायकांनी पाठ्यपुस्तकं वाचून तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली, महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना कॉलेज शिकायचं होतं म्हणून. एका बाजूला जेमतेम १२ मिनिटं मावायची. एक जाड पुस्तक म्हणजे किती तबकड्या होत असतील विचार करा. पण त्या पोरांची कॉलेजं झाली, आणि शिकलेली माणसं मग स्वतःच हक्क मागायला उभी राहतात. माझ्या फोनमध्ये आज अख्खी लायब्ररी आहे. तरीही गणिताचं आणि आकृत्यांचं पुस्तक मशीनला अजून नीट वाचता येत नाही, तिथे माणूसच लागतो, त्यामुळे तुमचे ते दोन रविवार कुणीतरी मोजले असतील एवढं नक्की. विचारलं नसेल, कारण विचारायचं नसतं, वर सांगितलं ना.

कोरडा_शेरा

@सहा_ठिपके पेन थांबलेलं कळतं? कसं काय?

सहा_ठिपके

आवाज येतो की. बॉलपेनचा कागदावर. आणि माणूस श्वास धरतो.

रविवारचा_लेखनिक

तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं पण जमलं नाही.

धागा बायकोला वाचायला दिला. उंबरठाताईंची पोस्ट तिने वाचली आणि फोन परत देताना म्हणाली, 'यांना विचार, एकोणीस वर्षं कशी काढली.' एवढंच. मग आम्ही तासभर बोललो, ते इथे लिहीत नाही. ठरलं ते असं की महिन्यातले कुठले रविवार माझे ते ती आणि मुलगी आधी सांगणार आणि बाकीचे मी ग्रुपला देणार. आधी उलटं होतं. मुलीला त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणालो, तर म्हणाली 'बाबा, मला पोहताना तसं पण कुणी दिसत नाही'. व्हिडिओबद्दल मी काही बोललो नाही.

जुळवाजुळवीचं काम सोडलं. दोघांना नाव घेऊन विचारलं, अर्धवटरावांनी सांगितल्याप्रमाणे, आणि दोघंही हो म्हणाले. एक जण तर म्हणाला 'मला वाटलं तुम्हाला आवडतं सगळं स्वतः करायला'. याच्यावर मी अजून विचार करतोय. फोन नंबरांची यादी, कुणाला कुठला विषय झेपतो, कोण हो म्हणून येत नाही, सगळं एका वहीत लिहून दिलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका मुलीच्या पेपरला दोन लेखनिक पाठवले आणि दुसऱ्या मुलाला कुणीच नाही, सकाळी आठला धावपळ, राखीव होता म्हणून निभावलं. मला हे दुपारी कळलं. फोन करून चार गोष्टी सुनवाव्यात असं फार वाटलं, नाही केला. नाना, तुमच्या मताने केला पाहिजे होता का?

त्या मुलाचा पुढचा पेपर मीच लिहिला. आधी घरी बसून रोज वीस मिनिटं जलद लिहायचा सराव केला, मुलगी बातम्या वाचून दाखवायची आणि मी लिहायचो, ती मुद्दाम स्पीड वाढवायची. सगळे प्रश्न झाले, सहा मिनिटं उरली. तो काही बोलला नाही, मीही नाही.

@सहा_ठिपके एक विचारायचं होतं. भूमितीचं पुस्तक रेकॉर्ड करतोय, आकृतीपाशी अडतो. मी डावीकडून सुरू करून एकेक रेघ सांगत जातो, पण परत ऐकलं तर मलाच काही कळत नाही. तुम्हाला कसं सांगितलेलं बरं पडतं?

सहा_ठिपके

आधी आकृती कसली आहे ते एका वाक्यात सांगा, 'वर्तुळ आहे, आत त्रिकोण, तिन्ही कोपरे वर्तुळाला टेकलेत'. म्हणजे डोक्यात जागा तयार होते. मग कोपऱ्यांची नावं, वरच्यापासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. मापं सगळ्यात शेवटी. आणि 'इथे' 'तिथे' 'हा कोन' असं म्हणू नका, सगळे वाचक म्हणतात आणि आम्ही इकडे शोधत बसतो. पहिलं पान झालं की पाठवा, ऐकून सांगते.